पत्र्यात उतरलेले देव

मद्रास, 1963

संध्याकाळचे पाच वाजून गेलेत. पूनमल्ली हाय रोडवरच्या सरकारी कला व हस्तकला महाविद्यालयाच्या फाटकातून तुम्ही आत शिरता. लाल विटांच्या जुन्या इमारती, भोवती मोठाली झाडं. डॉ. अलेक्झांडर हंटर यांनी 1850 मध्ये सुरू केलेल्या शाळेतून वाढलेली ही संस्था आहे. वर्ग सुटलेत, पण मुलं घरी गेलेली नाहीत. व्हरांड्यात चुलीवर मेण वितळतंय, कुणी कापडावर त्याच मेणानं रेघा ओढतंय, कुणी निळीच्या टबात कोपरापर्यंत हात घालून बसलंय. ही बाटिकची कापडं विकायला जाणार आहेत.

चित्रकलेची पदविका घेणारी मुलं कापड का रंगवताहेत, हे समजायला शहराची अवस्था आधी समजून घ्यायला हवी. मुंबईत 1952 पासून जहांगीर आर्ट गॅलरी आहे, चित्रं विकत घेणारी दहा-वीस घरं तरी आहेत. मद्रासमध्ये कलाशाळेतून बाहेर पडलेल्या मुलानं एक तर ड्रॉइंग मास्तर व्हायचं, नाही तर कापडाच्या धंद्यात नक्ष्या काढून द्यायच्या. चित्रं तयार होतात आणि भिंतीला टेकून पडून राहतात.

महाविद्यालयाचे प्राचार्य के. सी. एस. पणिक्कर यांना ही अवस्था छळते आहे. त्यांच्या मनात आणखीही एक प्रश्न आहे. युरोपातलं आधुनिक चित्र त्यांनी जवळून पाहिलंय, त्यावर त्यांचं प्रेम आहे. तरीही आपलं चित्र तिथल्या चित्राची दक्षिणेतली शाखा होऊन राहू नये, असं त्यांना वाटतं. याच सुमारास त्यांची ‘शब्द आणि चिन्हं’ ही मालिका सुरू होते. तिच्यात कुंडल्यांसारख्या चौकटी आहेत, अक्षरांसारख्या दिसणाऱ्या आकृत्या आहेत, आकडेमोडीचे तक्ते आहेत.

पोट कसं भरायचं आणि आपलं म्हणावं असं काय करायचं, असे हे दोन प्रश्न. पणिक्करांनी दोन्ही एकाच टेबलावर ठेवले, म्हणून पुढची गोष्ट घडली. वर्ग सुटल्यावर विद्यार्थी आणि शिक्षक मिळून हस्तकलेच्या वस्तू करू लागले, विकू लागले, पैसे साठवू लागले. त्याच आवारात धातुकामाचा विभाग आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या पत्रा ठोकत आलेले कारागीर तिथे शिकवतात. चित्रकार त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्या शेजारातून काय निघालं, ते पाहायला तुम्हाला शहराबाहेर जायचंय.

इंजम्बाक्कम, 1966

मद्रासच्या दक्षिणेला मामल्लपुरमकडे, म्हणजे महाबलीपुरमकडे, जाणारा रस्ता. वाळू, ताडाची झाडं, सुरूची बनं, केवड्याच्या जाळ्या आणि पलीकडे बंगालचा उपसागर. एप्रिलच्या उन्हात डोळे उघडवत नाहीत. हस्तकलेच्या विक्रीतून कलावंतांनी इथे आठ-दहा एकर जागा घेतली आहे. गावाचं नाव ठेवलंय चोलामंडल. चोळांच्या नावानं हा किनारा कोरोमंडल म्हणून जगाला माहीत आहे, त्याचंच हे मूळ रूप.

झावळ्यांनी शाकारलेल्या झोपड्या उभ्या राहताहेत. तीसेक कलावंत इथे राहायला येतात. त्यांच्यात मुंबईत जन्मलेले जे. सुलतान अली आहेत. बस्तरच्या आदिवासींच्या आकृत्या, नंदी, लोककथांतले प्राणी त्यांच्या रंगांत उतरतात. मैसूरकडचे एस. जी. वासुदेव आहेत, वृक्ष हा त्यांचा आयुष्यभराचा विषय ठरणार आहे. पी. व्ही. जानकिराम आहेत, ते चित्रकला शिकून शिल्पाकडे वळले. आणि पणिक्करांचा मुलगा नंदगोपाल आहे. वय 20, लोयोला कॉलेजातून भौतिकशास्त्राचा अभ्यास केलेला, आता कलाशाळेत शिकणारा.

वस्तीचा कायदा सोपा आहे. ज्यानं त्यानं आपलं घर आपल्या पैशांनी बांधायचं. दिवसाचा काही वेळ विक्रीच्या वस्तूंना द्यायचा: बाटिक, चामड्याच्या वस्तू, मातीची भांडी, धातूचं काम. उरलेला वेळ चित्राचा आणि शिल्पाचा. सरकारी अनुदानावर किंवा एखाद्या शेठजींच्या कृपेवर ही वस्ती उभी नाही. ती हातांच्या कमाईवर उभी आहे, आणि म्हणून काय करायचं हे ठरवण्याचा हक्क तिथल्या माणसांकडे आहे.

मामल्लपुरम, सातवं शतक

त्याच रस्त्यानं दक्षिणेला चालत राहा, आणि चालता चालता तेरा शतकं मागे जा. पल्लवांचं राज्य आहे. समोर एक प्रचंड खडक, 30 मीटरच्या आसपास रुंद आणि 12-13 मीटर उंच. त्याच्या अख्ख्या दर्शनी बाजूवर छिन्न्या चालल्या आहेत. मधल्या नैसर्गिक भेगेतून नाग-नागिणी वर सरकताहेत. डावीकडे तपस्वी एका पायावर उभा आहे, उजवीकडे हत्तींचा कळप आहे, पोटाखाली पिल्लं आहेत. कुणी याला अर्जुनाची तपश्चर्या म्हणेल, कुणी गंगावतरण.

हत्तीच्या सोंडेजवळ नीट पाहा. एक मांजर मागच्या पायांवर उभं राहून, पुढचे पाय डोक्यावर नेऊन तप करतंय, आणि त्याच्या पायाशी उंदीर जमलेत. ढोंगी मांजराची ही गोष्ट आजीच्या तोंडून ऐकलेली आहे. राजानं खोदवून घेतलेल्या पुराणकथेत लोककथेलाही जागा मिळाली आहे, आणि देव, जनावरं, पाणी, नाग, गोष्ट हे सगळं एकाच पृष्ठभागावर नांदतंय. या शिल्पाभोवती प्रदक्षिणा घालता येत नाही. ते समोरूनच पाहायचं आहे.

ही समोरची बाजू ध्यानात ठेवून आता एखाद्या तमिळ देवळात जा. गाभाऱ्यातल्या मूर्तीला मागूनही कोरलेलं असतं, पण भक्ताला दिसतो तो पुढचा भाग. त्यावर ठोकून घडवलेल्या धातूच्या पत्र्याचं कवच चढवलेलं असतं आणि मागे प्रभावळ तळपत असते. हे तुम्हाला परकं वाटत नाही, कारण तुमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक आहे. तळहाताएवढा पत्रा, मागून ठोकून पुढे उठवलेला घोडा, घोड्यावर देव. कुळाचा देव एवढ्याशा उठावात मावतो, आणि त्याची मागची बाजू पोकळ आहे म्हणून कुणी त्याला अपुरा म्हणत नाही.

युरोपीय शिल्पशाळेची शिस्त वेगळी होती. शिल्प चहूबाजूंनी पाहता आलं पाहिजे, त्याला घनता हवी, स्नायू हवेत. मद्रासच्या शाळेत ही शिस्त उत्तम शिकवली गेली. शिल्पकार देवीप्रसाद रायचौधुरी यांचा मरीना किनाऱ्यावरचा ‘श्रमाचा विजय’ हा शिल्पसमूह तिची साक्ष देतो. पण चोलामंडलच्या धातुकारांनी कवचाची, प्रभावळीची आणि त्या खडकाची वाट धरली. पत्रा, रेघ आणि समोरची बाजू. कलासमीक्षेत हे काम दर्शनी शिल्प म्हणून ओळखलं गेलं.

चोलामंडल, 1970 च्या आसपास

आता कामाला बसा. छपराखाली बरीच सावली आहे, पण वारा नाही. समुद्र ऐकू येतो आणि त्यावर हातोड्यांचा आवाज चढतो.

एक हिशेब आधी करून टाका, म्हणजे तांब्याचा पत्राच का, हे कळेल. एक मिलिमीटर जाडीचा, एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद पत्रा सुमारे नऊ किलो भरतो. तेवढ्याच क्षेत्रफळाचं कांस्याचं ओतकाम पाच मिलिमीटर जाडीचं केलं तर 44-45 किलो धातू लागतो. शिवाय मेणाचा नमुना, साचा, भट्टी आणि ओतारी. चोळकाळातल्या देवळांच्या मूर्ती तर भरीव ओतल्या जात. मंदिराच्या तिजोरीला ते परवडत होतं. झोपडीत राहणाऱ्या शिल्पकाराला बाजारातून वजनावर आणलेला पत्राच परवडतो, आणि तेवढ्यात माणसाच्या उंचीचा देव उभा राहतो.

जानकिराम यांचा हात कसा चालतो, ते शिकायचं तर पत्र्यापासून सुरुवात करावी लागते. राळ, विटांची पूड आणि तेल एकत्र शिजवून त्याचा जाड थर दिला आहे, त्यावर पत्रा बसवलाय. राळ खालून आधार देते आणि घाव बसेल तिथे हटते, त्यामुळे पत्रा फाटत नाही. तुम्ही पत्र्याच्या मागच्या बाजूनं बोथट ठसा धरता आणि हातोडा मारता. टण्‌. पुढच्या बाजूला मसुराएवढा फुगवटा येतो. अशा शेकडो घावांनी गालाचा गोल भरतो.

थोड्या वेळानं आवाज बदलतो. घाव कोरडा, चढ्या सुरात वाजू लागतो. शेजारचा म्हातारा कारागीर मान वर न करता सांगतो, “थांब तंबी, आता तापव. नाही तर तडकेल.” तांबं ठोकलं की ताठ होतं आणि ऐकेनासं होतं. पत्रा जाळावर धरला की आधी नारिंगी, मग जांभळी, मग निळी झाक त्यावरून पळत जाते, शेवटी तो काळवंडतो आणि त्याखालून मंद लाली दिसू लागते. आता पाण्यात. चर्र आवाज होतो, काळी खपली सुटून तळाशी जाते आणि आत गुलाबीसर, मऊ तांबं उघडं पडतं. पोलाद असं विझवलं तर कडक होतं. तांबं लोण्यासारखं नरम होतं. पुन्हा ठोका, पुन्हा तापवा. आपल्याकडचा तांबट हेच करतो, त्याच्या मठारकामाच्या प्रत्येक खुणेमागे हेच तापवणं आणि विझवणं आहे.

यानंतर येतं ते वेल्डिंग, आणि इथे देवळातल्या कवचाची वाट मागे राहून नवी वाट सुरू होते. भिंतीशी दोन सिलिंडर उभी आहेत, ऑक्सिजनचं काळं आणि ॲसिटिलीनचं किरमिजी. काळा चष्मा डोळ्यांवर चढवला की छप्पर, माणसं, समुद्र सगळं नाहीसं होतं, उरते ती ज्योत. तिचं तापमान 3,000 अंश सेल्सिअसच्या वर. तांबं वितळतं 1,085 अंशांना. म्हणजे काम सोपं असायला हवं, पण तांब्याचा स्वभाव आड येतो. ते लोखंडाच्या सुमारे पाचपट उष्णता वाहून नेतं. ज्योत एका जागी धरलीत तर ती जागा तापण्याआधी उष्णता सगळ्या पत्र्यावर पसरते. म्हणून आधी भोवतालचा भाग फिरवून फिरवून तापवायचा, मग सांध्यावर यायचं. आणि सांध्यावर एक क्षण जास्त रेंगाळलात, तर पत्र्यावर ठेवलेली बारीक तार डोळ्यांदेखत वितळून गोळी होते.

पितळेची कांडी सवागीत बुडवून सांध्याशी नेली जाते. सवागी फुगते, काचेसारखी पसरते आणि तांब्यावरचा मळ ओढून घेते. पितळ तांब्याच्या आधी, 900 अंशांच्या पुढे वितळतं. ते एकदम चकाकतं आणि तार व पत्रा यांच्या फटीत आपणहून शिरतं. ज्योतीच्या कडेला हिरवट झाक येते. तुम्ही ज्योत मागे घेता. चष्मा वर केल्यावर दिसतं: जिथे दोन वेगळे तुकडे होते तिथे भुवई आहे.

तारेची भुवई, पट्टीचं नाक, गोल कडीचा डोळा, दाढीच्या जागी शेजारी शेजारी जोडलेल्या तारा. जानकिराम यांच्या तांब्याच्या ख्रिस्ताकडे पाहिलं की कळतं, इथे रेघच आकार घडवते. पत्रा पार्श्वभूमी धरतो आणि वर जोडलेली रेघ कपाळापासून छातीपर्यंत सलग धावते. दक्षिणेतल्या अंगणात रोज सकाळी ठिपके मांडून त्यांच्याभोवती न तुटणारी कोलमची रेघ काढली जाते. इथे ज्योतीनं तशीच रेघ धातूत पक्की केली जाते. ख्रिस्त असो वा गणपती, त्याचा दागिना आणि त्याचा देह यांच्यात फट राहत नाही. कपाळावरची नक्षी हीच कपाळाची हाडं होतात. जुन्या कवचात अलंकार मूर्तीवर चढवलेला असे. इथे अलंकारातूनच मूर्ती उभी राहते. वेल्डिंगनं दिलेली ही नवी गोष्ट आहे, आणि माझ्या मते भारतीय शिल्पाला मिळालेली ती मोठी देणगी आहे.

चोलामंडल, 1980 नंतर

दशकभर पुढे या. पणिक्कर 1977 मध्ये गेले. सुरू उंच झालेत, झावळ्यांच्या जागी विटांची घरं आलीत. अंगणात नंदगोपाल यांची शिल्पं उभी आहेत. त्यांना 1970 मध्ये, वयाच्या विशीतच राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तांबं आणि पितळ हेच त्यांच्या कामाचे मुख्य धातू राहिले.

जानकिराम यांचा चेहरा पत्र्यावर स्थिर बसलेला होता. नंदगोपाल यांच्या हातात पत्रा मोकळा सुटला. त्यांनी तुकडे कापले, वाकवले, एकावर एक रचले, मधे हवा राहू दिली. एका शिल्पासमोर उभे राहा: झाड आहे आणि झाडावर माकडं आहेत. खोड म्हणजे उभी पट्टी, फांद्या म्हणजे वळवलेल्या सळ्या, पानं म्हणजे कातरीनं कापलेले पत्र्याचे डोळे. माकडाची शेपटी कुठे संपते आणि वेल कुठे सुरू होते, ते बोटानं माग काढूनही सापडत नाही. सळईच्या टोकाला वेल्डिंगचा वितळलेला थेंब तसाच ठेवलाय, आणि झाडाला कळी आली आहे. जोड लपवायचा नाही, त्याला शिल्पाचा अवयव करायचा, ही या कामाची नीती आहे.

शेजारी गरुड आहे. पंखांचा प्रत्येक थर वेगळा पत्रा आहे, त्यावर तांबड्या धातूत पितळेची पिवळी रेघ खेळवली आहे. काही शिल्पांवर चांदीचा मुलामा आहे, काहींवर मीनाकारीचे रंग. आणि मग येतं वीरगळाच्या आठवणीतून घडलेलं शिल्प. गावाच्या वेशीवर पडलेला वीरगळ तुम्ही सह्याद्रीच्या पायथ्याशी कितीदा पाहिला आहे. खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा वीराला उचलून नेताहेत, वर तो शिवाची पूजा करतोय. मरण, प्रवास आणि मुक्ती एकाच दगडावर खालून वर वाचायची. तमिळ गावांतही असे दगड शतकानुशतकं रोवले जात. नंदगोपाल यांनी दगडाचं वजन बाजूला ठेवलं आणि ही चढती रचना धातूत आणली. ज्या शेतकऱ्याच्या पूर्वजानं गुरं सोडवताना प्राण दिला, त्याची गोष्ट कलादालनात पोचली, आणि ती पोचवताना तिची मांडणी बदलावी लागली नाही.

तमिळ गावाच्या वेशीवर अय्यनार या ग्रामदेवाचे मातीचे घोडे उभे असतात, तळ्याकाठी नाग असतात, वडाखाली देवी असते. या लोकदेवतांना शास्त्रातली मापं लागू नाहीत. कुंभाराला जसा दिसला तसा घोडा. चोलामंडलच्या शिल्पांतला मोकळेपणा तिथून आला आहे. माशाला माणसाचे डोळे असतात, पक्ष्याच्या पोटात दुसरा पक्षी असतो, झाडाला चेहरा असतो. निसर्ग आणि दैवत यांच्यात भिंत न बांधणाऱ्या लोकमनाची ती जुनी सवय आहे.

चोलामंडल, आज

रस्ता रुंद झालाय, शहर दक्षिणेकडे पसरत इथवर आलंय. 2009 मध्ये सुरू झालेल्या समकालीन कलाकेंद्रात मद्रासच्या कलाचळवळीचं संग्रहालय आहे, आणि बाहेर झाडांमध्ये शिल्पं मांडली आहेत. जानकिराम 1995 मध्ये गेले, नंदगोपाल 2017 मध्ये. खाऱ्या वाऱ्यात उभ्या असलेल्या तांब्यावर कळंक चढतो. घरच्या घंघाळावर तो नकोसा वाटतो, चिंच लावून घासून काढला जातो. शिल्पावर मात्र तो धातूला पुढच्या झिजेपासून बऱ्याच अंशी वाचवतो.

इतकं पाहून झाल्यावर तुम्ही घरी परत याल तेव्हा एक गोष्ट सोबत आणा. चोलामंडलचं यश केवळ चार-सहा प्रतिभावान माणसांचं नव्हतं. चित्रकार आणि पत्रा ठोकणारा कारागीर एकाच आवारात, एकाच बाकावर बसले, आणि विकायच्या वस्तूंतून मिळालेला पैसा न विकल्या जाणाऱ्या शिल्पाच्या पाठीशी उभा राहिला. हे दोन्ही नसतं तर कवचाचा पत्रा देवळातच राहिला असता आणि वेल्डिंगची ज्योत कारखान्यात.

आपल्याकडे सामान सगळं आहे. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकामाचा आवाज अजून ऐकू येतो. घरोघरी टाक आहेत, गौरींचे मुखवटे आहेत, वेशीवर वीरगळ आहेत, झाडाखाली म्हसोबा आहे. मुंबई-पुण्यात नावाजलेल्या कलाशाळा आहेत. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यानं वर्षभर तांबटाच्या शेजारी बसून पत्रा तापवायला, ऐकायला आणि जोडायला शिकावं, आणि तांबटाला त्या शिकवण्याचा शिक्षकाइतका पगार आणि मान मिळावा, अशी कायमची बैठक प्रत्येक कलाशाळेत असायला हवी. साठ वर्षांपूर्वी मद्रासमध्ये एका प्राचार्यांनी संध्याकाळचे मोकळे तास वापरून सुरुवात केली होती. तेवढे तास आपल्याकडेही आहेत. कामाला लागायला हवं.